टॉवरची उंची वाचून तिकीट काढताय? आधी वरून काय दिसतं ते समजून घेऊ

तो एक व्हिडिओ दर काही महिन्यांनी फिरून फिरून फोनवर येतोच. काचेच्या वाटेवरून एक माणूस चालतोय, पायाखालच्या काचेला अचानक तडे जातात, तो मट्कन खाली बसतो आणि सरपटत कठड्याकडे जायला बघतो. हा प्रकार चीनच्या हेबेई प्रांतातला, २०१७ चा, आणि ते तडे खोटे होते. माणूस जवळ आला की काचेत तडे गेल्याचं चित्र उमटायचं आणि सोबत कडकड आवाज, मुद्दाम केलेली गंमत. पण व्हिडिओ पुढे ढकलणारे हे सांगत नाहीत, त्यामुळे कुठल्याही शहरातल्या ऑब्झर्वेशन टॉवरचं नाव निघालं की घरातलं एक तरी माणूस म्हणतंच, मी नाही बाबा काचेवर पाय ठेवणार. मग पाठोपाठ बाकीचे प्रश्न येतात. टॉवर हलतो का हो? लिफ्ट तुटली तर? वारा सुटला म्हणून बंद कसा काय ठेवतात? आणि एवढ्या वर जाऊन नुसतं धुरकट दिसलं तर पैसे परत मिळतात का?

सगळ्यांना उत्तरं आहेत आणि ती फार अवघड पण नाहीत. माझं स्वतःचं म्हणणं मात्र थोडं वेगळं आहे. लोक तिकीट काढताना टॉवरची उंची बघतात, आणि वर गेल्यावर काय दिसणार हे उंचीपेक्षा त्या दिवशीच्या हवेवर आणि तुम्ही निवडलेल्या वेळेवर जास्त ठरतं. भीतीचं काय ते पुढे बघूच.

मुळात एवढे उंच टॉवर बांधतात कशाला?

आपल्याला वाटतं पर्यटकांसाठी. पण बऱ्याच मोठ्या टॉवरांचं खरं काम टीव्ही आणि रेडिओचं असतं, आपण वर जाऊन फोटो काढतो ती जोडकमाई. टीव्ही आणि एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या गोलाईआड गेलेल्या घरापर्यंत त्या नीट पोचत नाहीत, म्हणून अँटेना जितकी उंच तितकी जास्त घरं तिच्या टप्प्यात येतात. जर्मनीत श्टुटगार्टला १९५६ साली टॉवर उभा राहिला तो टीव्हीसाठीच. फ्रिट्झ लिओनहार्ट नावाच्या इंजिनियरने नुसत्या लोखंडी सांगाड्याऐवजी काँक्रीटचा बारीक खांब उभा केला आणि वर माणसांसाठी मजले काढले, आणि पुढे जगभर तसेच टॉवर व्हायला लागले. टोकियोत ३३३ मीटरचा टोकियो टॉवर १९५८ पासून होता, पण आजूबाजूला उंच बिल्डिंगा झाल्या, डिजिटल टीव्हीला अजून उंच जागा लागली, म्हणून २०१२ मध्ये ६३४ मीटरचा स्कायट्री सुरू झाला.

आयफेल टॉवरचं उलटं झालं. तो १८८९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेला, परवानगी फक्त २० वर्षांची, त्यानंतर पाडला असता तरी चाललं असतं. वाचला तो रेडिओमुळे, कारण तोवर लष्कराला कळलं होतं की वायरलेससाठी एवढी उंच जागा दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

हे पुराण सांगायचं कारण असं की अँटेनाला जो नियम लागू तोच तुमच्या डोळ्यांना. समोर पृथ्वीची गोलाई आडवी येते, तिच्यापलीकडचं बघायचं तर वर जायला लागतं.

जाहिरातीतला आकडा आणि तुम्ही उभे राहता ती जागा

टॉवरची म्हणून जी उंची सांगतात ती अगदी शेवटच्या टोकापर्यंतची असते आणि त्या टोकावर तुम्ही जात नाही. टोरांटोचा सीएन टॉवर ५५३ मीटर, पण मुख्य डेक ३४६ मीटरवर आणि सगळ्यात वरचा ४४७ वर. डेक म्हणजे जिथे उभं राहून बघायचं तो मजला. स्कायट्रीचे दोन डेक आहेत, ३५० आणि ४५० मीटरवर. दुबईचा बुर्ज खलिफा ८२८ मीटर, तिथे १४८ व्या मजल्यावरचा डेक ५५५ मीटरवर आहे. आयफेल ३३० मीटर, माणसं जातात ती २७६ पर्यंत. उरलेला भाग अँटेना नाहीतर नुसता शेंडा.

अजून एक, टॉवर उभा कशावर आहे तेही बघा. क्वालालंपूरचा केएल टॉवर ४२१ मीटरचा, म्हणजे कागदावर पेट्रोनास टॉवरांच्या ४५२ पेक्षा कमी, पण तो टेकडीवर असल्यामुळे त्याचा शेंडा प्रत्यक्षात जास्त उंचीवर जातो.

मग दुप्पट उंच गेलं की दुप्पट लांबचं दिसेल ना?

नाही दिसत, आणि इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो.

नियम सोपा आहे. डेकची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा, येईल ते क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये. सपाट जमिनीवर किंवा समुद्रकाठी उभ्या असलेल्या माणसाला जेमतेम साडेचार किलोमीटर दिसतं. १०० मीटरवर गेलात की एकदम ३६ किलोमीटर. इथपर्यंत मजा आहे. पण पुढे दुप्पट लांबचं म्हणजे ७१ किलोमीटर बघायचं असेल तर २०० नाही, ४०० मीटरवर जायला लागतं. वर्गमूळ आलं की असंच होतं, सुरुवातीचे मीटर भरभरून देतात आणि नंतरचे हात आखडता घेतात.

हाच हिशोब स्कायट्रीला लावून बघा. ३५० मीटरच्या डेकवरून क्षितिज ६७ किलोमीटरवर आणि ४५० च्या डेकवरून ७६ वर. अजून १०० मीटर वर चढून ९ किलोमीटर वाढले, तेही अशा टोकाचे जिथलं काही ओळखू येणं मुश्किल. हवेमुळे प्रकाश किंचित वाकतो म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त दिसतं, पण दोन डेकमधला फरक तेवढाच राहतो.

इथे कुणीतरी म्हणणार की आम्हाला तर टोकियोतून माउंट फुजी दिसला, तो १०० किलोमीटरच्या आसपास आहे. बरोबर आहे, कारण फुजी स्वतः ३७७६ मीटर उंच आहे. तुम्ही गोलाईच्या या बाजूने वर आलात, तो त्या बाजूने वर आलाय, दोघांची अंतरं बेरजेत धरायची. क्षितिजाचा हिशोब जमिनीवरच्या गोष्टींपुरता असतो, डोंगराला स्वतःच्या उंचीची सवलत मिळते.

जास्त वर गेलं की शहरच बारीक होतं

ह्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. निरोगी डोळ्याला एक किलोमीटरवरचं साधारण ३० सेंटीमीटरचं वेगळेपण कळतं, त्याहून बारीक असेल तर दोन गोष्टी मिसळून एकच ठिपका होतो. आता आयफेलच्या दुसऱ्या मजल्यावरून, म्हणजे सुमारे ११५ मीटरवरून सरळ खाली बघा, तिथे डोळ्याला तीन-चार सेंटीमीटरपर्यंतचं कळू शकतं. माणसाचे हातपाय, छत्री, सायकलचं हँडल, कुणी कुणाला हात केला तर तोसुद्धा. ४५० मीटरवर तेच १३ सेंटीमीटर होतं. माणूस खांद्यापाशी साधारण ४५ सेंटीमीटर रुंद, म्हणजे तीन-साडेतीन ठिपके उरला. चालतोय एवढं कळतं, बाई की बुवा ते नाही.

दुसरं असं की जास्त वरून बघितलं की बिल्डिंगांची उंची हरवते. शंभर-दीडशे मीटरवरून आजूबाजूच्या इमारती तुमच्या समोर उभ्या असतात, त्यांच्या खिडक्या दिसतात, रस्ते त्यांच्या मधून वाट काढत जाताना दिसतात. साडेचारशेवर गेलात की नुसती छपरं, त्यावरच्या पाण्याच्या टाक्या आणि एसीच्या पेट्या, आणि सगळं सपाट. नद्यांची वळणं, रेल्वेचे फाटे, शहर कुठे संपतं ते बघायला हे भारीच आहे. पण शहर जवळून बघायचं असेल तर मधला डेक जास्त देतो. आयफेलला बरेच जण दुसऱ्या मजल्यावर जास्त रमतात ते काही उगाच नाही.

"आम्ही गेलो तर काहीच दिसलं नाही"

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते आणि ह्याचा उंचीशी संबंधच नाही. हवेत धूळ, धूर, बाष्प असलं की लांबच्या वस्तूवरून येणारा प्रकाश वाटेत विखुरतो, आणि आकाशाचा पांढुरका उजेड त्यात मिसळतो. मग लांबची बिल्डिंग आणि तिच्यामागचं आकाश दोन्ही एकाच रंगाचं होऊन जातं. हवा अशी असली की दृश्यता, म्हणजे ओळखू येईल असं किती लांबपर्यंत दिसतं ते अंतर, पाच-सहा किलोमीटरवर येतं. तेव्हा क्षितिज ६७ वर असो की ७६ वर, तुम्हाला दोन्हीकडे तेच पाच-सहा.

थंडीच्या सकाळी अजून एक गंमत होते. जमिनीलगतची हवा गार आणि वरची गरम असली की खालची हवा वर जाऊ शकत नाही, सगळा धूर खाली कोंडून बसतो आणि कधीकधी डेक त्या थराच्याही वर असतो. तिथून डोक्यावर निळं आकाश आणि पायाशी तपकिरी पट्टा, शहर मात्र गायब. पावसाळी ढगांचं उलट, ते दोनशे-तीनशे मीटरवर पण उतरतात आणि डेक त्यांच्या पोटात जातो. काचेबाहेर चारी बाजूंना पांढरं.

हे घरबसल्या आधी कळू शकतं. प्रत्येक मोठ्या विमानतळाचा हवामानाचा रिपोर्ट दर तासा-अर्ध्या तासाला निघतो, त्याला मेटार म्हणतात, तो कुणालाही फुकटात बघता येतो. त्यात दृश्यता मीटरमध्ये दिलेली असते (अमेरिकेत मैलात देतात) आणि ९९९९ लिहिलं असेल तर समजायचं १० किलोमीटर किंवा जास्त, म्हणजे चांगलं. ढग किती फुटांवर आहेत तेही त्यात असतं. बीकेएन ०१० असं दिसलं तर हजार फुटांवर, म्हणजे ३०० मीटरवर, बरेच ढग आहेत, तेव्हा साडेतीनशेच्या डेकचं तिकीट त्या दिवशी काढू नका. एवढं वाचायचा कंटाळा असेल तर चांगला पाऊस पडून गेल्यावर जा. हवा धुतलेली असते.

वेळ कुठली घ्यायची?

हल्ली बहुतेक ठिकाणी स्लॉट असतो, म्हणजे ठरलेल्या वेळेचंच तिकीट. पण स्लॉट म्हणजे दाराशी पोचायची वेळ, वर पोचायची नाही. मधे सिक्युरिटी, बॅगा, लिफ्टची लाइन हे सगळं असतं आणि सूर्यास्ताच्या पाच मिनिटं आधीचा स्लॉट घेणारे सूर्यास्त लाइनीत उभं राहून घालवतात. मी तरी तासभर आधीचा घ्यायला सांगेन. उजेडात शहर ओळखून घ्यायचं, मग उन्हं कलतात, मग दिवे लागतात, एकाच तिकिटात तिन्ही.

उंचीवर सूर्य उशिरा मावळतो हे पण खरं आहे, कारण क्षितिजच लांब गेलेलं असतं. दुबईत २०११ साली रमजानमध्ये धर्मगुरूंनी सांगितलं होतं की बुर्ज खलिफात ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा आणि १५० च्या वर तीन मिनिटं. खाली अंधारायला लागलेलं असताना वरच्यांना सूर्य दिसत असतो, मग रोजा कसा सोडणार.

फोटोचं एवढंच की काचेतून काढताना फोन काचेला अगदी टेकवून धरा आणि कडेने हाताचा आडोसा करा, नाहीतर मागच्या दुकानाचा बोर्डच फोटोत येतो.

लिफ्टमध्ये कान का बंद होतात, आणि ती तुटली तर?

आधी कान. वर जाल तसा हवेचा दाब कमी होतो, दर १०० मीटरला साधारण सव्वा टक्का. म्हणजे ४५० मीटरवर पाच टक्क्यांचा फरक. आकडा लहान वाटतो, पण विमानात दाब हळूहळू पंधरा-वीस मिनिटांत बदलतो आणि इथे मिनिटभरात. सीएन टॉवरची लिफ्ट ३४६ मीटर ५८ सेकंदांत चढते, तैवानमधल्या तैपेई १०१ ह्या उंच इमारतीची पाचव्या मजल्यावरून ८९ व्या मजल्यावर ३७ सेकंदांत. कानाच्या पडद्यामागे एक नळी घशापर्यंत गेलेली असते, तिच्यातून आतबाहेरचा दाब सारखा होतो. चढताना आतली हवा सहज बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढतो आणि ती मऊ नळी चेपून बंद होते, म्हणून खरा त्रास उतरताना. तैपेई १०१ ची लिफ्ट वर मिनिटाला १०१० मीटर वेगाने जाते आणि खाली ६०० नेच येते, आणि आतला दाब सांभाळायची वेगळी सोय पण त्यात आहे. आपण आवंढा गिळायचा, जांभई द्यायची. जोरदार सर्दी असेल तर खरंच दुसऱ्या दिवशी जा.

वर रिकामी केलेली प्लास्टिकची बाटली घट्ट झाकण लावून खाली आणा, खाली आल्यावर ती जरा चेपलेली दिसेल. तोच पाच टक्के.

आता तुटण्याचं. लिफ्ट एका दोरावर लटकलेली नसते, पोलादाचे अनेक दोर असतात आणि एखादा गेला तरी बाकीचे ती पेलतात. समजा सगळेच गेले, तरी वेग ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की लिफ्टखालचे जबडे दोन्ही बाजूंच्या रुळांना आपोआप आवळतात. ह्याला वीज लागत नाही. ही युक्ती जुनी आहे, १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिसने स्वतः लिफ्टवर उभं राहून दोर कापायला लावला होता आणि लिफ्ट थोडीशीच घसरून अडकली. बघायला जमलेली गर्दी काय म्हणाली असेल देव जाणे.

बरं, टॉवर खरंच हलतो का?

हो हलतो, आणि हलायलाच हवा. अगदी ताठ राहणारी वस्तू वाऱ्याचा सगळा जोर एका जागी घेते आणि तिथेच मोडते, थोडी लवचिक असेल तर तो जोर तिच्या सगळ्या अंगात वाटला जातो. वाऱ्याचं गणित वाईट आहे, वेग दुप्पट झाला की जोर चौपट. आणि जमिनीवर झाडं-घरं वारा अडवतात तसं वर कोणीच नसतं.

नुसत्या उन्हाने पण फरक पडतो. आयफेल लोखंडाचा आहे, उन्हाळ्यात तापून तो हिवाळ्यापेक्षा १० ते १५ सेंटीमीटर उंच होतो, आणि ऊन पडलेली बाजू जास्त फुगते म्हणून शेंडा सूर्यापासून किंचित लांब झुकतो.

खरी काळजी एकदाच जोरात वाकण्याची नसते, तालात हलत राहण्याची असते. झोक्यावर बसलेल्या पोराला प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी हलका धक्का दिला की झोका वाढत जातो. वारा टॉवरच्या दोन्ही बाजूंनी भोवरे सोडत जातो, ते एकदा ह्या बाजूने एकदा त्या बाजूने, आणि त्यांचा ताल टॉवरच्या स्वतःच्या हलण्याशी जुळला तर तेच होतं. आता झोका थांबवायचा तर उलट्या वेळी धक्का द्यायचा. हे काम करणाऱ्या वजनाला डॅम्पर म्हणतात. तैपेई १०१ मध्ये तो ६६० टनांचा पोलादी गोळा आहे, साडेपाच मीटर व्यासाचा, एकावर एक जाड पत्रे रचून केलेला, ९२ व्या मजल्यावरून जाड केबल्सनी खाली लटकवलेला. बिल्डिंग डावीकडे जायला लागली की तो मागे रेंगाळतो आणि तिला उलट खेचतो. तो लपवून ठेवलेला नाही, डेकवर आलेल्यांना दिसतो, सोनेरी रंग दिलाय, लोक शेजारी उभं राहून फोटो काढतात. २०१५ च्या ऑगस्टमध्ये सौडेलोर वादळात तो एका बाजूला जवळजवळ मीटरभर गेला होता. म्हणजे त्याने त्याचं काम केलं.

स्कायट्रीच्या पोटात काँक्रीटचा ३७५ मीटर उंच खांब आहे, तो १२५ मीटरच्या वर बाहेरच्या सांगाड्याला घट्ट जोडलेला नाही, मधे तेलाचे डॅम्पर आहेत, त्यामुळे भूकंपात दोघं वेगवेगळे हलतात आणि एकमेकांना आवरतात. जपानी लाकडी पॅगोडांत मधोमध असाच खांब असतो, तिथूनच ह्या रचनेचं नाव घेतलंय. सिएटलच्या स्पेस नीडलचं तर वजनच इतकं खाली आहे, जमिनीत पुरलेल्या काँक्रीटमुळे, की १८४ मीटर उंच टॉवरचा गुरुत्वमध्य जमिनीपासून दीडेक मीटरवर येतो. एवढं खाली वजन असलं की तो आडवा कसा होणार?

काचेवर उभं राहायचं की नाही?

खुशाल राहा. डेकची काच म्हणजे खिडकीची काच नव्हे. काच खूप तापवून एकदम गार करतात, त्याने बाहेरचा थर आतून आवळला जातो आणि ती कितीतरी पट चिवट होते. अशा अनेक काचा मधे प्लास्टिकचा चिकट थर देऊन एकमेकींना जोडतात, त्याला लॅमिनेटेड काच म्हणतात. एक थर फुटला तरी तुकडे जागेवरच चिकटून राहतात आणि खालचे थर वजन घेतात. सीएन टॉवरमध्ये ३४२ मीटरवर १९९४ मध्ये काचेची जमीन झाली तेव्हा ती १४ मोठे पाणघोडे पेलेल असं ते सांगायचे. पाणघोडे वर आणणार कसे ते नाही सांगितलं.

"पण शिकागोत खरंच तडा गेला होता की!" गेला होता, २०१४ मध्ये, विलिस टॉवरच्या ४१२ मीटरवरच्या काचेच्या पेटीत, आत माणसं असताना. पण तडकला तो सगळ्यात वरचा संरक्षक थर, जो मुळात ओरखडे खायलाच ठेवलेला असतो, वजन पेलणारी काच नाही. आतल्या माणसांना त्या क्षणी हा फरक माहीत असण्याचं कारण नाही, त्यामुळे त्यांची काय अवस्था झाली असेल ते मी समजू शकतो.

सगळं समजलं तरी चक्कर येतेच

कारण तोल डोक्याने नाही, डोळे, कान आणि पाय मिळून सांभाळतात. उभं असताना आपण सतत थोडं मागेपुढे होत असतो, आणि डोळे जवळच्या वस्तूंवरून ते ओळखून दुरुस्त करतात. डेकवर जवळचं काही नसतंच, सगळं शेकडो मीटर लांब, तिथे तुमचं दोन सेंटीमीटर झुकणं डोळ्यांना कळत नाही. मग शरीर जास्त डोलतं आणि पोटात गोळा येतो. ह्यात भित्रेपणाचा काही संबंध नाही. उपाय पण तसाच, कठड्याला हात लावून ठेवा, नजरेत जवळचं काहीतरी ठेवा, खिडकीची चौकट चालेल, आणि दुर्बिणीतून उभ्याउभ्या बघू नका. बसायला जागा असेल तर बसून बघितलं तरी शहर तेच दिसतं.

वाऱ्याला बंद, गर्दीला बंद, मग उघडा असतो कधी?

वारा जोराचा असला की टॉवरला काही होणार नसतं, अडचण लिफ्टची असते. टॉवर हलला की लिफ्टचे लांबलचक दोर पण झुलतात आणि आतल्या भागांना आपटू शकतात. म्हणून आधी लिफ्ट हळू करतात, स्पेस नीडलची ताशी १६ किलोमीटरवरून ८ वर आणतात, आणि वारा अजून वाढला तर थांबवतात. आयफेलचा शेंडा वाऱ्यामुळे बंद आणि खालचे मजले चालू असं पुष्कळदा होतं. विजांचं म्हणाल तर सीएन टॉवरवर वर्षाला सरासरी ७५ वेळा वीज पडते, ती धातूतून सरळ जमिनीत जाते, आत उभ्या माणसाला काही होत नाही, उघड्यावरचा डेक मात्र रिकामा करतात.

आणि स्लॉटचा वैताग, त्यामागे जिने आहेत. लिफ्ट बंद पडली तर सगळ्यांना जिन्यानेच उतरायचं असतं, त्यामुळे वर किती माणसं सोडायची हे डेकच्या जागेपेक्षा जिना किती माणसं उतरवू शकतो त्यावर ठरतं. दिल्लीच्या कुतुबमिनारात १९८१ मध्ये आतल्या अरुंद जिन्यात दिवे गेले आणि चेंगराचेंगरीत ४५ जण गेले, बरीचशी शाळेची मुलं होती, तेव्हापासून तो जिना लोकांसाठी बंदच आहे. मॉस्कोच्या ५४० मीटरच्या ओस्तांकिनो टॉवरला २००० च्या ऑगस्टमध्ये आग लागली, तिघं गेले, आणि डेक कितीतरी वर्षं उघडला नाही. श्टुटगार्टचा टॉवर तर काहीही घडलेलं नसताना २०१३ मध्ये बंद केला, आगीच्या वेळी बाहेर पडायची सोय पुरेशी नाही एवढ्याच कारणासाठी, आणि सुधारणा करून २०१६ च्या जानेवारीत उघडला. तिकीट काढून गेलेला माणूस चिडणारच, पण मला ह्यात श्टुटगार्टवाल्यांचं बरोबर वाटतं.

रिफंडचं प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. टॉवर बंद राहिला तर पैसे नाहीतर दुसरी तारीख मिळायची शक्यता असते, धुक्याने दिसलं नाही तर सहसा कोणी काही देत नाही, ते बुकिंगच्या आधीच वाचून घ्या. तारीख फुकट बदलता येत असेल तर तेच तिकीट घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

मग कुठल्या डेकचं काढू?

आकाश स्वच्छ असेल, मेटारमध्ये ९९९९ असेल आणि लांबचे डोंगर नाहीतर समुद्र बघायचा असेल तर सगळ्यात वरचा घ्या, पैसे वसूल आहेत. हवा मध्यम असेल तर खालचाच, वाचलेले पैसे दुसऱ्या कशाला वापरा. लहान मुलं आणि वयस्कर माणसं सोबत असतील तरी खालचा, कारण वरच्या डेकला बऱ्याचदा मधे लिफ्ट बदलायला लागते, स्कायट्रीला ३५० वर बदलतात, आणि तिथे परत लाइन.

आणि शहराचा तो ओळखीचा फोटो, जो पोस्टकार्डावर असतो, तो हवा असेल तर त्या टॉवरवर जाऊच नका. त्या फोटोत टॉवर असतो आणि तुम्ही टॉवरवर उभे असाल तर तो तुमच्या फोटोत कुठून येणार. न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंग फोटोत यायला हवी असेल तर रॉकफेलर सेंटरच्या ७० व्या मजल्यावर जातात, तिथून ती समोरच दक्षिणेला दिसते, आणि तिचे दिवे लागायच्या वेळचा स्लॉट हवा असेल तर तो जितका आधी काढाल तितकं बरं.